लिंबाजीअण्णा आणि त्यांचा साहेब

लिंबाजीअण्णांना मी बसलेलं फारसं पाहिलं नाही. जेवायला आणि एसटीत, एवढंच. बाकी सगळा दिवस हा माणूस उभा. आष्टीच्या बाजारपेठेत त्यांचा छापखाना होता आणि पाटीवर तेवढंच लिहिलेलं होतं, ‘छापखाना’. गावात दुसरा नव्हताच, तर नाव कशाला, असं त्यांचं म्हणणं. हायस्कुलात मराठीचा मास्तर म्हणून मी आष्टीला रुजू झालो त्या आठवड्यात प्रश्नपत्रिका छापायला तिथं गेलो. दारातून पाहतो तर एक उंच, वाळका माणूस लाकडी खणांसमोर उभा राहून अक्षराचा एकेक खिळा उचलतोय आणि त्या खिळ्यांशी भांडतोय.

“चल, जल्दी ये. तुला काय आवतन द्यावं लागतं का?”

मला वाटलं मलाच म्हणाले. मी पुढं झालो.

“तुमाला न्हाई सर. हा ‘ष’ सापडून न्हाई राह्यला.”

शिशाचे खिळे उलटे असतात, त्यामुळे अण्णांना उलटं वाचायची इतकी सवय की समोरच्याच्या हातातलं वर्तमानपत्र ते पलीकडून वाचायचे आणि पान उलटण्याआधीच बातमी सांगून मोकळे व्हायचे. बाप मेंढ्या राखायचा. अण्णाही दहा-बारा वर्षांचे होईतो मेंढरांमागं हिंडलेले. पुढं जालन्याला एका प्रेसमध्ये झाडू मारायला लागले, तिथं खिळे जुळवायला शिकले आणि हात बसल्यावर गावी येऊन स्वतःचं यंत्र टाकलं. उभं राहायची खोड मेंढरांमागची असावी. थांबायचं म्हटलं की त्यांच्या पायांना मुंग्या यायच्या. चहा सांगितला आणि चहावाला पाच मिनिटांत आला नाही, तर अण्णा स्वतः टपरीवर जाऊन पिऊन यायचे. मग मागाहून आलेला त्यांचाही चहा मलाच प्यावा लागायचा.

मी त्यांचा मुद्रितशोधक कधी झालो हे मला नेमकं सांगता येणार नाही. शाळा सुटली की त्या रस्त्यानं घरी जायचं, अण्णा दारातून हाक मारायचे, हातात ओला कागद द्यायचे. मी लाल पेनानं खुणा करायचो. पैशाचं कधी बोलणं झालं नाही. लग्नसराईत त्यांच्याकडे नुसता पत्रिकांचा पाऊस. आमच्याकडची लग्नपत्रिका म्हणजे मतदारयादीच असते. आजोबा, चुलते, मामा, मावसे, भावकीतले सगळे, गावचे सरपंच, शेवटी चिमुकल्यांची किलबिल. एक नाव राहिलं की माणूस रुसला, एक नाव खाली गेलं की त्याहून जास्त रुसला. गेलेल्या माणसांची नावंही असतात, नावाआधी ‘कै.’ लावून, कारण ती वगळली तर जिवंत माणसं रुसतात. या सगळ्या जंजाळात अण्णांचा हात बसलेला होता. मी चुका काढायचो त्या बहुतेक काना-मात्रांच्या. माणसांच्या जागा अण्णांनी कधी चुकवल्या नाहीत.

आणि एक त्यांची ठाम रीत होती. मी खूण केली, त्यांनी चिमट्यानं खिळा उपसून दुसरा बसवला, की ते काम संपलं. पुन्हा वाचायचं नाही. मी एकदा म्हटलं, अण्णा, एक नजर टाकू का परत? तर त्यांना अपमान वाटला.

“खिळा बदलला म्हंजे बदलला सर. तो काय पाय फुटून माघारी जातो का?”

मग कंप्यूटर आला. खिळ्यांच्या छपाईच्या शेवटच्या एक-दोन वर्षांत गिऱ्हाईक नुसतं त्याचंच नाव काढायचं. जालन्याची पत्रिका बघा, कसं वळणदार अक्षर, गणपती कसा रंगीत. अण्णा वर्षभर ऐकून घेत राहिले आणि एक दिवस टेम्पोतून तीन खोकी उतरवली. जालन्याहून एक इंजिनीयर आला होता. त्यानं टेबल-खुर्ची मागितली. अण्णांनी खुर्ची बाहेर काढून ठेवली आणि पडदा खिळ्यांच्या उंच कपाटावर चढवला, म्हणजे उभं राहून काम करता येईल.

“बसून काम करायला मी काय तलाठी हाय का?”

इंजिनीयरानं खूप समजावलं की पाठ दुखेल, मान दुखेल. अण्णांनी त्याला सुटे पैसे आणायला पाठवलं आणि तो येईपर्यंत तारा स्वतःच वर ओढून घेतल्या. शिकले मात्र झपाट्यानं. साठीला आलेला माणूस, इंग्रजी नावापुरतं, पण पंधरा दिवसांत दोन्ही हातांनी टाइप करू लागला. कळफलकावरच्या जागा त्यांनी खिळ्यांच्या खणांसारख्याच पाठ केल्या. मला वाटलं आता अण्णांचा त्रास संपला. खरा त्रास तेव्हापासून सुरू झाला.

आतली सिस्टीम म्हणतात ती, म्हणजे यंत्र सुरू केल्यावर जी आधी दिसते आणि सगळ्यांवर हुकूम चालवते ती, अण्णांशी पहिल्या दिवसापासून नीट वागली नाही. काम ऐन भरात आलं की ती थबकायची. पडद्यावरचा बाण हलायचा नाही, अक्षर उमटायचं नाही, काहीच नाही. कारण विचारायची सोय नाही. अण्णांनी चार-सहा दिवस पाहिलं आणि तिला नाव दिलं, साहेब.

“बराबर साहेबच हाय सर. आपण कागद घेऊन उभं राह्यचं, ह्यानं बसून घ्यायचं. कामून बसलात म्हनून इचारायची सोय न्हाई.”

तेव्हापासून यंत्र अडकलं की ‘साहेब बसले’ असंच सगळे म्हणू लागले. गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, “अण्णा, साहेब उठले का?” आणि अण्णा साहेबाला बोलून घ्यायचे ते ऐकायला बाजारच्या दिवशी चार माणसं मुद्दाम थांबायची. अण्णा साध्या रागात त्याला अरे-तुरे करायचे. राग फार झाला की अहो-जाहो सुरू. “राजे, आपली झोप झाली असंल तर एक वेलांटी देता का?” म्हणाले की समजायचं, आज पारा चढलाय.

त्यांचा सगळ्यात मोठा संताप विजेच्या पायी व्हायचा. आष्टीत वीज जायची तशी जायची, त्यात नवल काही नव्हतं. पण वीज परत आल्यावर यंत्र सुरू केलं की पडद्यावर निळ्या पाट्या यायच्या आणि इंग्रजीत काहीतरी लिहून यायचं. अण्णांनी एकदा मला त्याचा अर्थ विचारला. मी वाचून सांगितलं, “अण्णा, ते म्हणतंय, तुम्ही मला मागच्या वेळी नीट बंद केलं नाही. म्हणून आता मी सगळं तपासतोय.”

अण्णा रस्त्यावर जाऊन विजेच्या खांबाकडं पाहून आले.

“मी? मी बंद केलं न्हाई? लाईट गेली सगळ्या गावाची, अन् दोष माह्या माथी? सर, त्याला सांगा की इंग्रजीत.”

मी म्हटलं, तसं सांगता येत नाही.

“मंग हा कसा बोलून राह्यला? त्याला बोलता येतं, ऐकता येत न्हाई?”

दुसरी गोष्ट ‘नक्की का?’ची. कुठलीही गोष्ट पुसायची म्हटली की साहेब विचारायचा, तुमची खात्री आहे का. अण्णांच्या हयातीत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. “खात्री असल्याबिगर मी बोट लावतो का?” असं ते मोठ्यानं म्हणायचे आणि मगच बटण दाबायचे. पुढं पुढं तो प्रश्न आला नाही तरी आधीच म्हणून मोकळे व्हायचे. एकदा एक पाहुणे साखरपुड्याची पत्रिका ठरवायला आले होते. अण्णांनी त्यांच्याकडे पाठ करून हे वाक्य इतक्या ताडकन म्हटलं की ते बिचारे उठून उभे राहिले. त्यांना वाटलं स्थळाबद्दलच शंका घेतली.

मग तीन-चार वर्षांनी नवी सिस्टीम घ्या असं इंजिनीयर म्हणू लागला. नवा प्रिंटर जुन्यावर चालत नव्हता. अण्णांना हे पटेना. त्यांचं खिळ्यांनी छापायचं यंत्र त्यांच्याही आधीच्या मालकाचं होतं, ते कधी म्हणालं नाही की मला नवी शाई चालत नाही. पण प्रिंटर अडला, गिऱ्हाईक अडलं, शेवटी बदलली. बदलल्या दिवशी त्यांनी आपल्या भावकीतली जुनी एक पत्रिका उघडली तर ‘श्री’च्या जागी चौकोन आणि गणेशाच्या जागी टक्क्याचं चिन्ह. चार वर्षांचं काम, पाच-सहाशे पत्रिका, सगळ्यांचं असंच. इंजिनीयर म्हणाला, अक्षरं नव्या सिस्टीमला ओळखू येत नाहीत. अण्णा त्या दिवशी ओरडले नाहीत, हे मला आठवतं. पडद्यावर बोट ठेवून एवढंच म्हणाले, “हे आमच्या तात्याचं नाव हाय. ह्याला ओळखू येत न्हाई म्हंजे काय?” पुढं चार दिवस खटपट करून इंजिनीयरानं बरीचशी अक्षरं परत आणली, पण जोडाक्षरं मधूनच फुटायची आणि आम्ही दोघं ती शोधत बसायचो. म्हणजे मी बसायचो.

त्या चार दिवसांत अण्णांनी कंपनीला पोस्टकार्ड लिहायचं ठरवलं. खोक्यावर कुठल्यातरी लांबच्या शहराचा पत्ता होता. त्यांनी मराठीत सांगायचं, मी इंग्रजी करायचं. पहिलं कार्ड सभ्य होतं. तिसऱ्या कार्डात त्यांनी सांगितलं, “लिहा, तुमचं यंत्र म्हंजे जावई हाय. यायचं तवा येतं, रुसायचं तवा रुसतं, अन् मान सगळा त्यालाच.” जावयाचं इंग्रजीत काय करू म्हणून मी तेवढं गाळलं. अण्णांनी उलटं धरलेलं कार्ड लांबूनच पाहिलं आणि विचारलं, “जावई कुठंय?” इंग्रजी येत नसलं तरी ओळी मोजल्या होत्या. मी तो लिहिला. उत्तर एकाही कार्डाला आलं नाही. अण्णा मात्र रोज पोस्टमनला विचारायचे आणि पोस्टमन छापखान्यासमोरून सायकल जोरात मारायला लागला.

हे सगळं मी हसत सांगतोय, पण तेव्हा त्यांच्याकडे पाहून कधी कधी माझा जीव तुटायचा. त्यांचा हात विजेसारखा चालायचा आणि ते यंत्र त्यांना दर तासाला ताटकळत उभं करायचं. रात्रीची झोपही कमी झाली होती, असं त्यांच्या मंडळी सांगायच्या. झोपेतही बोटं चालायची म्हणे.

आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते लग्न आलं.

गावातल्या दत्तोबांची मुलगी, सुनीता. माझी विद्यार्थिनी, हुशार पोर. सातशे पत्रिकांचं काम होतं. अण्णांची कंप्यूटरवर पत्रिका करायची रीत अशी की त्याच भावकीतली आधीची पत्रिका उघडायची आणि तिच्यावर नवी नावं चढवायची. सगळे डीटीपीवाले तेच करतात. उघडलेल्या जुन्या पत्रिकेत मामांच्या ओळीत ‘कै. किसनराव’ होतं. अण्णांनी किसनराव काढून सुनीताच्या मामांचं नाव टाकलं, गंगाधरराव, राहणार शहागड. ‘कै.’ तसंच राहिलं. मी ते कच्च्या कागदावर पाहिलं आणि लाल पेनानं असा जोरात गोल केला की कागद फाटला. जिवंत मामाला मारलं होतं आम्ही.

मी कागद घेऊन धावतच गेलो. अण्णांनी कपाळाला हात लावला. माझ्यासमोर पडद्यावरचं ‘कै.’ पुसलं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बाकीच्या दहा-बारा दुरुस्त्याही केल्या आणि ते जतन करायचं बटण दाबलं. साहेब बसले. बाहेर जालन्याची एसटी उभी होती. छपाई आता जालन्याला व्हायची, कंडक्टरच्या हाती कागद पाठवायचा असे. कंडक्टर दोनदा घंटी मारून गेला. अण्णांनी यंत्र बंद केलं, पुन्हा चालू केलं, निळ्या पाट्या गेल्या, पत्रिका उघडली. तीच पत्रिका, तोच गणपती. छापली, लिफाफ्यात घातली, पळत जाऊन कंडक्टरला दिली. मी शाळेत गेलो, माझा तास होता.

यंत्रानं दुरुस्त्या ठेवल्याच नव्हत्या. उघडली ती दुरुस्तीआधीची. अण्णांनी वाचून पाहिलं नाही, कारण खिळा बदलला म्हणजे बदलला. चाळीस वर्षांत एकही खिळा माघारी गेला नव्हता. मीही वाचलं नाही, आणि त्याला माझ्याकडे असलं काही कारणही नाही.

सातशे पत्रिका आल्या, वाटल्या गेल्या. लग्नाला आठ दिवस राहिले असताना शहागडहून निरोप आला. तिथल्या घरात काय झालं ते मागाहून कळलं. वडीगोद्रीची एक लांबची आत्या पत्रिका वाचून घेऊन एसटीनं शहागडला आली आणि दारातच गळा काढून रडायला बसली. गंगाधरराव खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आले. त्यांना पाहून आत्या किंचाळली. हसण्यासारखं आहे, पण गंगाधररावांना दोनच महिन्यांपूर्वी छातीत दुखून जालन्याच्या दवाखान्यात नेलं होतं. त्यांच्या बायकोनं पत्रिका नेऊन गोदावरीत टाकली आणि चूल पेटवली नाही. गंगाधररावांचा निरोप असा होता, मला मेलेल्यांत छापलं, तर मेलेला माणूस लग्नाला येत नसतो.

लग्नात मुलीच्या पाठीशी मामा उभा राहतो. सख्खा एकच मामा. सुनीताच्या आईनं अंथरूण धरलं आणि सुनीता माझ्याकडे आली. ती म्हणाली, “सर, मामा न्हाई आले तर मी पाटावर उभी राहणार न्हाई. लोकांनी काय बोलायचं ते बोलू द्या.”

अण्णांना हे मी सांगितलं तेव्हा ते यंत्रासमोरच होते. त्यांनी टोपी घातली. “चला शहागडला.” मी तो लाल गोल केलेला कागद पिशवीत घेतला. मनात ठरवलं होतं की दाखवायचा. बघा, आम्ही पकडलं होतं, दुरुस्त केलं होतं, यंत्रानं घात केला. मला त्या यंत्राचा इतका राग आला होता की वाटेत एसटीत मी एकटाच बोलत होतो. अण्णा खिडकीबाहेर बघत होते.

गंगाधररावांची हायवेच्या कडेला रसवंती होती. ट्रक उभे होते, चरक चालू होता, उसाच्या चिपाडांवर माशा. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि पुन्हा ऊस लावायला लागले. आम्ही उन्हात उभे. आल्यागेल्याला रस देणारा माणूस, पण आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही.

शेवटी त्यांनी चरक बंद केला.

“कोणी छापलं?”

“मी,” अण्णा म्हणाले.

“लोकं म्हनून राह्यले, कंप्यूटर चुकला.”

मी पिशवीत हात घातला. अण्णांनी माझं मनगट धरलं. वय झालेल्या माणसाच्या हाताला एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

“कंप्यूटरला काय कळतं मालक, गंगाधरराव कोण अन् कोण मेलं? आणला मी, बटन दाबलं मी, एसटीत टाकलं मी. टाकायच्या आधी वाचाया पाह्यजे होतं. वाचलं न्हाई. चूक माझी हाय.” आणि त्यांनी टोपी काढली.

गंगाधररावांनी खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसले.

“आता दुसऱ्या छापून देतो म्हनताल.”

“देतो. उद्याच देतो.”

“छापल्यालं कोण मानंल आता? मी जिता हाय हे कागदावर पटत नसतं. माह्यासंगं चला. घरोघर तोंडानं आवतन देऊ. मी पुढं, तुमी माघं.”

“चला,” अण्णा म्हणाले.

मग गंगाधररावांनी तीन ग्लास धुतले.

तीन दिवस ते दोघं जीपमधून हिंडले. एप्रिलचं ऊन. मी रविवारी बरोबर होतो, बाकीचे दोन दिवस शाळा होती. प्रत्येक दारात गंगाधरराव म्हणायचे, “मी सुनीताचा मामा. जिता हाय. लग्नाला या.” आणि मागून अण्णा हात जोडून म्हणायचे, “छापणारा मी. चूक माझी.” कुणी हसलं, कुणी अण्णांना घालून पाडून बोललं. वडीगोद्रीच्या आत्यानं गंगाधररावांचा गाल चाचपून पाहिला आणि अण्णांकडे बघितलंसुद्धा नाही. सगळ्यात अवघड होती ती आष्टीच. तिथल्या प्रत्येक घरात अण्णांनी छापलेलं काहीतरी होतं, आणि त्या प्रत्येक उंबऱ्यावर ते उभे राहिले.

त्या रविवारी परतताना मी न राहवून विचारलं, “अण्णा, ते यंत्रानं केलं. मी साक्षीदार आहे. का बोलू दिलं नाहीत?”

“पाच वर्षं मी त्याला शिव्या देऊन राह्यलो सर. सगळ्या गावानं ऐकल्या. आता बी त्याचंच नाव घेतलं तं लोक म्हनतेल, म्हाताऱ्याचं रोजचंच हाय. अन् त्या माणसानं काय मशीनकून माफी घ्यावी? त्याच्या पुढं कोणीतरी माणूस उभा राह्यला पाह्यजे का न्हाई?”

घरी गेल्यावर तो लाल गोलाचा कागद मी पेटीत ठेवून दिला.

लग्न झालं. मामा भाचीच्या पाठीशी उभे राहिले. सुनीता रडली, मामा रडले, आणि अण्णा मांडवाच्या कडेला उभ्या उभ्या अक्षता टाकून लगेच निघून गेले. जेवायला थांबले नाहीत.

त्यानंतर ते यंत्राला एक शब्द बोलले नाहीत. साहेब बसायचे तसे बसायचे, उलट जास्तच, कारण यंत्र जुनं झालं होतं आणि सिस्टीम दर वर्षी जडच होत चालली होती. अण्णा हात पाठीमागं बांधून वाट पाहायचे. गिऱ्हाईक विचारायचं, “साहेब बसले का?” तर म्हणायचे, “येईल.” त्यांची अस्वस्थता कुठं गेली नव्हती. टाच एकसारखी हलत असायची, जबडा आवळलेला असायचा. पण तोंडून काही नाही. मला ते पाहवायचं नाही. मी एकदा मुद्दाम त्यांच्यादेखत यंत्राला नालायक म्हणालो. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

आणि यंत्र पुन्हा चालू झालं की ते सगळी पत्रिका पहिल्या ओळीपासून वाचायचे. पडद्यावर बोट ठेवून, मोठ्यानं, एकेक नाव. दिवसातून पाच वेळा बसलं तर पाच वेळा. एका पत्रिकेला सगळी सकाळ जायला लागली. एसटी स्टँडजवळ नवं डीटीपी सेंटर झालं होतं, तिथं तासाभरात काम व्हायचं. गिऱ्हाईक तिकडं वळलं. अण्णांनी काही हरकत घेतली नाही.

माझी बदली संस्थेच्या जालन्याच्या शाळेत झाली. निघायच्या आदल्या दिवशी बाजारात गंगाधरराव भेटले. इकडच्या-तिकडच्या गप्पा झाल्या. मग ते म्हणाले, “सर, एक सांगू का? मला तवाच ठावं होतं मशीननं केलं म्हनून. माह्या पुतन्याकडं बी तसलंच हाय, ते बी लिव्हल्यालं खाऊन टाकतं. दत्तोबानं बी सांगितल्तं, की सरांनी कागदावर गोल केल्ता.”

मी चकित झालो. “मग तुम्ही अण्णांना तीन दिवस हिंडवलंत?”

“हिंडवलं न्हाई. ते आल्ते. त्यांनी त्या दिवशी मशीनचं नाव एकदा जरी घेतलं असतं ना सर, तर मी लग्नाला गेलो नसतो. बिलकुल गेलो नसतो.”

हे अण्णांना सांगायलाच पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सामानाचा टेम्पो छापखान्यासमोर थांबवून मी खाली उतरलो. अण्णा यंत्रापुढं उभे होते. नुकतंच ते बसून पुन्हा उठलेलं असावं, कारण त्यांचं बोट पडद्यावर पत्रिकेच्या मध्यावर होतं. मी म्हटलं, “अण्णा, काल गंगाधरराव भेटले...” त्यांनी मागं न बघता दुसरा हात वर केला.

“थांबा सर. एवढी नावं होऊ द्या.”

आणि वाचत राहिले. चुलते झाले, मावसे सुरू झाले. आवाज बसका झाला होता. प्रत्येक नावापाशी ते पळभर थांबायचे, तो माणूस आहे की गेला हे आठवून बघायचे, मगच पुढच्या नावावर जायचे. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला, मग परत दिला. मी म्हटलं, “अण्णा, येतो मी. पुढच्या वेळी सांगतो.” त्यांनी मान हलवली, बोट उचललं नाही.

पुढची वेळ आली नाही. त्याच पावसाळ्यात अण्णा गेले. त्या सकाळी फार तर चाळीस नावं उरली होती. मी थांबायला पाहिजे होतं.